गोड्या शेताचा बांध

देवळीखार गावात आता दोनच माणसं राहत होती आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडण झालं होतं म्हणावं, तर तसंही नाही. शिवीगाळ नाही, पोलीस नाही, पंचायत नाही. सात वर्षांपूर्वी, गावची शेतं भाड्यानं घेणाऱ्या कंपनीनं खाडीकडच्या बांधाला विजेवर चालणारी दारं बसवली. त्या दारांवर देखरेख करायची नोकरी जयवंती म्हात्रेनं घेतली होती, म्हणून ती पहिल्यांदा उघडायचा मानही तिलाच मिळाला. तिनं बटण दाबलं, खाडीचं खारं पाणी राजरोस भातशेतीत शिरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसुराम घरत तेवढा उठला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि घरी गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तीही आपण होऊन गेली नाही. तेव्हा गावात साठ घरं नांदती होती. एकानं अबोला धरल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे घरं एकेक करून कुलपात गेली. अबोला मात्र होता तेवढाच राहिला आणि आता तो अख्ख्या गावाला पुरून उरत होता.

यात कुणाचं चुकलं हे ठरवायचं, तर थोडं चिखलात उतरावं लागेल.

पेणच्या बाजूची ही खारपट्टी म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन. आगऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी चिखलाचे बांध घातले, खारं पाणी बाहेर अडवलं, पावसाचं गोडं पाणी आत कोंडलं, त्यानं मातीतलं मीठ धुऊन काढलं आणि मग कुठे भात पिकवलं. उधाणाच्या भरतीला बांध फुटला, म्हणजे तिथल्या भाषेत खांड गेली, की दोन-तीन वर्षं त्या शेतात दाणा येत नसे. म्हणून जोळ होता. ज्याच्या बांधाला धोका, त्यानं बांधावर उभं राहून हाक मारायची. हाक ऐकू आली की प्रत्येक घरातून एक माणूस निघायचाच. वैर असो, सुतक असो, नाहीतर घरात हळद लागलेली असो. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात, बांध उभा राही, आणि बांधाचा मालक सगळ्यांना जेवू घाली. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळत. हाक आल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावर कुणी पाय ठेवत नसे. बिनबोलावता आलेला माणूस बांध राखायला नाही, फोडायला आला असंच समजत, आणि जुन्या काळी ते बऱ्याचदा खरंही असे.

खाजणी भात आलं आणि हे सगळं एका फटक्यात निकालात निघालं.

खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या खारफुटीत एक रानटी भात उगवतं. त्याचा दाणा कुणी खात नाही, पण त्याच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. मुळांनी ओढलेलं मीठ ते झाड पानावाटे बाहेर टाकून देतं. शास्त्रज्ञांनी ही युक्ती खाण्याच्या भातात उतरवली. दुसऱ्या एका रानवाणाकडून त्यांनी बारमाही मूळ घेतलं. झालं ते खाजणी भात. ते एकदा लावलं की पाच वर्षं कापत राहायचं, बुडख्यातून पुन्हा फुटतं. नांगरणी नाही, लावणी नाही, खताचं पोतं नाही. खाडीचा गाळ दर भरतीला खत आणून टाकतो. सकाळच्या उन्हात त्याच्या पानांवर मिठाची पांढरी भुकटी दिसे. पहिल्या वर्षी गावातल्या बायका ती बोटानं चाटून बघत आणि हसत.

दुसरी कमाल डोळ्यांना दिसणारी नव्हती. गोड्या पाण्यानं भरलेल्या खाचरात चिखलाला हवा मिळत नाही. तिथले काही सूक्ष्म जीव कुजलेल्या पेंढ्यावर जगतात आणि मिथेन सोडतात. लावणीच्या चिखलात पाय रुतला की जे बुडबुडे येतात, त्यात तोच असतो. पृथ्वी तापवण्यात या वायूचा हात मोठा. समुद्राच्या पाण्यात मात्र सल्फेट असतं. ते मिळालं की दुसऱ्याच जातीचे जीव फोफावतात, पेंढ्यातलं अन्न आधी फस्त करतात आणि मिथेनवाले उपाशी मरतात. म्हणजे खाडी आत घेतली की भातही पिकतं आणि हवाही राखली जाते. त्या राखलेल्या हवेला जगाच्या बाजारात भाव होता. देवळीखारच्या लोकांना जमिनीचं भाडं मिळे आणि न निघालेल्या वायूचे पैसेही मिळत. असला धंदा त्यांच्या बापजाद्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता.

यात फसवणूक कुठे नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. कंपनीनं ठरलेलं भाडं ठरलेल्या तारखेला दिलं. शेतांत निवट्या आणि कोळंबी परत आली, बगळे उतरले. वाईट एवढंच झालं की तिथे माणसांचं काम उरलं नाही. पाण्यावर चालणारं यंत्र येऊन कापणी करून जाई. भाडं शहराकडे उलव्यात बसून मिळतं, कामोठ्यात बसून मिळतं, मग चिखलात कोण बसणार?

आणि विहिरी खाऱ्या झाल्या. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. जमिनीखाली ते खाऱ्यावर सायीसारखं तरंगून राहतं, पण वरून पाऊस मुरत राहिला तरच. शेतात खाडी आली आणि ती साय विरून गेली. ज्यांचा पाय निघत नव्हता, ती घरं या पाण्यानं हलवली. एकच विहीर गोडी राहिली, ती हसुरामच्या शेताच्या कडेची. त्यानं कंपनीच्या भाडेकरारावर सही केली नव्हती. खाजणी भाताच्या मधोमध त्याचं तीन एकर शेत, चारी बाजूंनी बांधानं वेढलेलं, पावसाच्या पाण्यावर जुन्या पद्धतीनं उभं होतं. त्या शेतातून मुरलेलं पाणी विहिरीत येई. जयवंती रोज तिथे दोन कळशा भरी. हसुराम असला तर पाठ फिरवून उभा राही. पण विहिरीवरचा दोर त्यानं कधी काढून नेला नाही, आणि जुना दोर झिजला की नवा आपसूक येई.

जयवंतीचं वय पंचावन्नच्या आसपास. नवरा, रमाकांत, खाडी आत यायच्या आधीच गेला. मुलगी प्रांजल उलव्याला. जयवंतीच्या फोनवर दारांची खबर एका गोड बायकी आवाजात येई: दार क्रमांक चार सुस्थितीत आहे. जयवंती म्हणे, "बरं बाई." दार क्रमांक पाच सुस्थितीत आहे. "असू दे." कित्येक दिवस तिचं बोलणं म्हणजे एवढंच असे. एकदा तिला वाटलं, आपण नोकरी सोडावी आणि चालू लागावं. पण मग दारांना बरं बाई कोण म्हणणार, असं मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं, आणि नंतर बराच वेळ रडू आवरेना.

भाद्रपद संपत आला होता. सर्वपित्री अमावास्येला मोठी भरती येणार, हे तर दरवर्षीचंच. वर्षातली सर्वांत मोठी उधाणं याच सुमाराला येतात. पण या खेपेला समुद्रात वादळही घोंगावत होतं. कंपनीच्या कामथ मॅडमचा पुण्याहून फोन आला. त्या नेहमीसारख्याच मऊ बोलल्या. सगळी दारं सताड उघडी ठेवायची, पाणी शेतांत पसरू द्यायचं, म्हणजे बाहेरच्या बांधावर ताण येणार नाही. आणि आणखी एक. आतल्या खाजगी बांधाला कंपनीच्या माणसानं हात लावायचा नाही, उगाच जबाबदारी अंगावर येते.

खाजगी बांध गावात एकच होता. मॅडमनी नाव घेतलं नाही, जयवंतीनं विचारलं नाही.

त्यामागचं गणित सगळ्यांना पाठ होतं. कंपनी वायूची मोजणी करी ती अख्ख्या पट्ट्याची. मधलं एक शेत गोडं, म्हणजे तिथून मिथेन निघणार, म्हणजे पट्टा अखंड नाही, म्हणून सगळ्यांचाच दर खालचा. हसुरामचा बांध गेला आणि खाडी तिथेही शिरली की दर वरच्या पायरीवर जाणार होता. साठ घरांपैकी कुणीही कधीही म्हणालं नाही की त्याचा बांध फुटावा. माणसं चांगली होती. ती फक्त वाट बघत होती.

प्रांजलनंही तसं म्हटलं नाही. ती म्हणाली, की त्या वाढीव दरावर मोठं घर घेता येईल आणि त्यात आईला एक स्वतंत्र खोली. खिडकीतून खाडी दिसते, असंही तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आई, तिथे तुझं कोण आहे आता?"  बांध फुटला की विहीर खारी, विहीर खारी झाली की गाव संपलं, आणि गाव संपलं की आपण लेकीकडे माणसांत. म्हणजे तिच्या एकटेपणावरचा इलाज त्या चिखलाच्या बांधापलीकडे होता. तिनं काही करायचं नव्हतं. नुसतं घरात बसायचं होतं.

अमावास्येच्या सकाळी ती विहिरीवर गेली तेव्हा हसुराम बांधाच्या पूर्व अंगाला एकटाच चिखल लावत होता. सत्तरीचा माणूस. फावड्यानं गोळा काढायचा, घमेल्यात टाकायचा, घमेलं उचलायचं, चढायचं, ओतायचं, थापायचं, परत उतरायचं. जे काम वीस माणसांच्या रांगेत एका जागी उभं राहून होतं, ते तो पळून पळून करत होता. बांधाच्या पोटाशी एक ओला डाग जयवंतीला दिसला. चिंबोरीचं बीळ असणार. खेकडा बांध पोखरतो, भरतीचा दाब आला की पाणी तिथूनच वाट काढतं आणि मग बांध आतून ढासळतो. तिनं कळशी भरली. भरायला लागतो त्याहून जास्त वेळ लावून भरली. तो हाक मारील असं तिला वाटत होतं. एकदा नुसतं, चला रे, म्हणाला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही, आणि ती कळशा घेऊन घरी आली.

या भागात अमावास्येची भरती भर दुपारी चढते. अकराच्या पुढे पाणी दारांतून आत येऊ लागलं आणि खाजणी भाताच्या लोंब्यांपर्यंत पोचलं. त्या भाताला त्याचं काही वाटत नाही. कंपनीनं पट्ट्याच्या मध्यावर खांबावर कॅमेरा बसवला होता, भाडं घेणाऱ्या जमीनमालकांना आपलं शेत केव्हाही फोनवर बघता यावं म्हणून. एरवी तो कुणी बघत नसे. आज सगळे बघत होते. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, पाणी बरंच चढलंय. कुणी लिहिलं, हसुदादूसनं जपून राहावं. त्यावर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. क्रिकेटची शेवटची षटकं बघावीत तसे उलवे, कामोठे, पनवेल, कळंबोली इथे विखुरलेले देवळीखारकर श्वास रोखून बसले होते.

जयवंतीही फोनवर बघत होती. पडद्यावर हसुराम मुंगीएवढा दिसत होता. खाली वर, खाली वर. एकदा तो घसरला आणि गुडघ्यावर आला, आणि बराच वेळ उठला नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, अरेरे.

तिनं मान वर केली. समोर घराचं दार होतं. ते उघडलं असतं तर हसुराम तिला नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. कामोठ्यातल्या माणसानं बघावं तसं ती त्याला फोनवर बघत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं साडीचा काष्टा मारला, परसातलं घमेलं उचललं आणि निघाली.

बांधापाशी ती क्षणभर थबकली. सात वर्षांच्या अबोल्याचं तिला काही वाटलं नाही. पण बिनबोलावता दुसऱ्याच्या बांधावर चढायचं म्हणजे पायच उचलेना. मग ती चढली.

हसुरामनं फावडं उगारल्यासारखं धरलं. "कोनी बोलावलं तुला?"

"कोनी नाय."

"मग?"

"बीळ कुठं हाय ते दाखवा, दादूस. पानी थांबनार नाय आपल्यासाठी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पायानं जागा दाखवली.

 बिळात त्यांनी पेंढ्याचे मुठे कोंबले, वर तिवराच्या फांद्या दडपल्या, त्यावर चिखल. तो काढी, ती वाही, तो थापी. दोघांची रांग ती केवढी, पण एकट्यापेक्षा ती दुप्पट नव्हे, चौपट काम करते, कारण एकट्याचा निम्मा वेळ चढण्याउतरण्यातच जातो. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभरावर येऊन ठेपलं. एका बाजूला खारं पाणी, एका बाजूला गोडं, आणि मधल्या चिखलाच्या पट्टीवर दोन माणसं. जयवंतीच्या कमरेचा फोन वाजत राहिला. शेवटी चिखलाच्या हातानं तिनं तो कानाला लावला. प्रांजल होती. तिचा आवाज दबलेला होता.

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत."

"आई, तुला कळतंय का, तू काय करतेयस? माझ्या सासरचेही बघतायत. मी काय सांगू लोकांना?"

जयवंतीनं खांबाकडे पाहिलं. "सांग, घमेली कमी हायत. येताना घेऊन या."

प्रांजलनं फोन ठेवला. तसं बोलल्याचं जयवंतीला लगेच वाईट वाटलं, पण पाणी चढत होतं. हसुराम चिखल थापत असताना तिनं ग्रुपवर आवाजात निरोप टाकला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, खांड जाईल, जोलाला या. पनवेलहून गाडीनं निघालं तर माणूस ओहोटी लागायच्या आत पोचतो, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. निरोप सगळ्यांनी ऐकला, तशी खूण प्रत्येकाच्या नावापुढे उमटत गेली. या खेपेला हात जोडलेली चिन्हंसुद्धा आली नाहीत.

पाणी माथ्याला लागलं आणि तिथेच रेंगाळलं. पूर्वेच्या अंगाला एक हातभर तुकडा खचला, तेव्हा हसुराम सरळ त्या भगदाडात बसला, पाठ लावून, आणि जयवंतीनं त्याच्या दोन्ही बाजूंनी चिखल भरला. तो थंडीनं थरथरत होता. ती त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर आठवलं नाही. मग लोंब्यांवरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसू लागली. ओहोटी लागली होती. बांध राहिला.

दोघं बांधावरच बसली. अंगावरचा चिखल वाळून तडकायला लागला होता. कामथ मॅडमचा निरोप आला. त्याही बघत होत्या म्हणायच्या. नेमून दिलेल्या कामाविरुद्ध वागल्यामुळे महिनाअखेरीपासून नोकरी समाप्त, दारं यापुढे पुण्याहून चालवली जातील, आजवरच्या सेवेबद्दल कंपनी आभारी आहे. ग्रुपवर कुणीही काही लिहिलेलं नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. लग्न, बारसं, दहावं, कुठल्याही आमंत्रणात आता आपलं नाव राहून जाईल आणि कुणीही मुद्दाम वगळलेलं नसेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिनं विचारलं, "हाक का नाय मारली, दादूस?"

हसुराम खाडीकडे बघत म्हणाला, "मारली असती आन् कोनी आलं नसतं, तर?"

तिनं घमेलं पालथं करून आतला चिखल झटकला.

"तर गाव नाय हे कललं असतं मना. हाक मारली नाय, म्हनून सात वरसं मना वाटत होतं, मारली तर येतील." त्यानं बोटांवरचा चिखल काढला. "तू मारलीस ना फोनवर. आलं का कोनी?"

"मी आले की."

"तू आलीस." त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि तेच तिला आवडलं नाही. मग तो शांतपणे सांगू लागला. उद्या ओहोटीला तो स्वतःच बांध फोडणार होता. एकाच्या मागे साठ घरांनी किती दिवस अडून राहायचं? पनवेलला पुतण्या आहे, एक कॉट टाकायला जागा देईल. विहीर जाईल, तर जयवंतीनंही लेकीकडे जावं. लोक दोन दिवसांत सगळं विसरतील, दर वाढल्यावर कुणाच्या मनात राग टिकत नाही. त्याला एवढंच बघायचं होतं, की बांधावर कुणी येतं का. ते बघून झालं. तीन एकर भातासाठी तो बसला नव्हताच कधी.

जयवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या बांधापायी तिची नोकरी गेली होती, गाव तुटलं होतं, लेकीनं फोन आपटला होता, आणि हा तो बांध उद्या फोडायला निघाला होता, तेही तिच्यावर उपकार म्हणून. त्यालाही एकटंच राहायचं नव्हतं, तिलाही नाही, आणि दोघांना माणसांत जायची वाट हीच एक होती. पुतण्याच्या घरातली कॉट तिला दिसली. लेकीच्या घरातली खोली दिसली, खिडकीतून खाडी दिसणारी. सबंध दिवस दार बंद करून कामावर गेलेली माणसं दिसली. एकटं राहायचं ते इथे काय आणि तिथे काय. पण इथे दोघं होती, आणि आज दुपारी एका वेळेपुरती का होईना, ती एकटी नव्हती. या सात वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"तुम्हाला फोरता नाय येनार," ती म्हणाली.

"काय?"

"बांध. ज्या बांधावर जोल झाला, तो मालकाला एकट्याला फोरता येत नाय. ज्यांनी चिखल लावला, त्या सगल्यांनी हो म्हनाला पायजे. आमचे सासरे तलं करायला बांध फोरनार होते, तेव्हा तुमच्याच बापानं आडवलं होतं त्यांना. इसरलात?"

हसुराम विसरला नव्हता. तो मोठमोठ्यानं हसला, हसताना खोकला. "जोल? एका बाईचा जोल?"

"घरामागं एक मानूस, हाच कायदा ना? तुमचं सोडून गावात घरं किती उरली? एक. त्या घरातून एक मानूस आलं." तिनं बांधाच्या माथ्यावर थाप मारली. "जोल पुरा भरला, दादूस. सगलं गाव आलं होतं. आन् ते गाव नाय म्हनतंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले. खांबावरचा कॅमेरा चालू होता. बघणारे आता फारसे उरले नव्हते. भरती उतरली होती आणि बघण्यासारखं काही नव्हतं. दिवस मावळायला अजून वेळ होता. बांधाचं पूर्वेकडचं अंग हातभर खाली बसलं होतं आणि पौर्णिमेला पुन्हा पाणी चढणार होतं. हसुराम फावड्याचा आधार घेऊन उठला, खाली उतरला आणि त्यानं चिखलाचा पहिला गोळा काढला. जयवंतीनं घमेलं पुढे केलं.